बेहड्यावरचा पहिला घाव

ये गं, अशी जवळ बसलीस असं समजून ही चिठ्ठी वाच. पत्रातून काय भांडतेस मावशीशी? "तुम्ही देवीची राई तोडूच कशी दिलीत?" म्हणे! शहाणी! आधी ऐक तरी.

आंदर मावळातलं आमचं गाव. वर डोंगर, खाली ओढा नि मधे राई. तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही, असा दंडक. आत शिरलं की भर दुपारी दिवेलागण झाल्यागत वाटायचं. मधोमध बेहडा. आम्ही पाच जावा-नणंदांनी हात धरले तरी कवेत यायचा नाही. नवी नवरी मी, शेंडा बघता बघता डोईचा पदर मागं घसरला.

त्यातलीच एक नणंद पहिल्या बाळंतपणात अडली. झोळीत घालून कामशेतच्या दवाखान्यात नेताना वाटेतच गेली. दोन वर्षांनी रस्ता मंजूर झाला, तो नेमका राईतून. एका अंगाला कडा, एका अंगाला ओढा, गाडीरस्त्याला दुसरी वाटच नव्हती. मला तेव्हा सहावा महिना.

गावानं कौल लावला. देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं, म्हणजे परवानगी मिळाली. पण पहिला घाव घालायला एक गडी पुढं होईना.

"पाटील, तुमीच घाला की."

"व्हय, आन् कोपली तर माज्याच घरावर?"

तेव्हा सासूबाईंनी पदर खोचला. बेहड्याला डोकं टेकलं. "आई, लेक घेतलीस. सून न्हाई देणार," म्हणाल्या, नि कुऱ्हाड घातली. बोटभर खाच पडली. मग गडी लाजेनं सरसावले.

तिसऱ्या दिवशी झाड पडलं. पायाखालची भुई हादरली. जिथं कधी ऊन उतरलं नव्हतं तिथं लख्ख ऊन, नि ओल्या पाचोळ्यातून वाफ निघत होती. रस्त्याच्या कामावरच्या मुकादमानंसुद्धा टोपी काढली. एवढं आभाळ आमच्या डोक्यावर होतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

तीन महिन्यांनी कळा सुरू झाल्या तेव्हा रस्ता नुसता मुरुमाचा होता. खडीच्या ट्रकात पेंढ्यावर निजवून मला नेलं. मुलगी झाली.

तोडलं ते बरोबर का? लेकीकडं बघून मी "हो" म्हणते. पुढं बंगल्यांसाठी लोकांनी कुणाला न विचारता डोंगर उघडे केले, त्याला "हो" नाही म्हणत. सासूबाई मात्र मरेपर्यंत त्या रस्त्यानं गेल्या नाहीत, बांधावरून जायच्या. "तुज्यासाठी केला गं," म्हणाल्या, "माज्यासाठी न्हाई."

उरलेली राई अजून उभी आहे. ती सांगून कळायची नाही, आत उभं राहावं लागतं. भात निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या आत ये बाई, लवकर ये.