गोष्टीतले आजोबा

वाचन चाचणीच्या दिवसांत मी फार चिडकी होते. मूल अडलं की शब्द सांगावासा वाटतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. ओठ मिटून बसायचं, पेन्सिलीनं खुणा करायच्या. माझ्यासारख्या बडबड्या बाईला ही शिक्षाच!

खरवई गावाच्या कडेला आमची मराठी शाळा. दुसरीतली एक पोर माझी फार लाडकी. पण तिच्या वडिलांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "बाई, यंदा हिला गोष्ट वाचता आली नाय, तर जूनपासून अंबरनाथला इंग्लिश मीडियम." पोरीला जायचं नव्हतं. "मी हितंच शिकनार," असं ती रोज मला बजावायची, जणू मीच तिला हाकलत होते.

चाचणीत तिनं अक्षरं, शब्द, वाक्यं धडाधड वाचली. मग गोष्टीचं कार्ड दिलं. गोष्ट साधी, एक आजोबा बाजारातून नातीसाठी कलिंगड आणतात. आजोबांच्या नावाशी आली आणि पोर अडली. मग म्हणाली, "ते बाजारात गेले." पुढच्या ओळीतही नावाच्या जागी "ते" आणि त्याच्या पुढच्याही. आमच्या नियमात ही चूक. म्हटलं, ही अंदाजपंचे ठोकतेय! मला रडूच यायचं बाकी होतं. आता ही गेली अंबरनाथला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या सुमारास तिच्या आईला बोलावलं. ती दहावी शिकलेली. "तुम्हीच वाचून दाखवा हिला," म्हणत कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं खणखणीत आवाजात सुरुवात केली आणि नेमकी त्याच शब्दाशी थांबली.

"...ते बाजारात गेले."

मी बघतच राहिले. मायलेकी एकमेकींकडे बघून लाजल्या.

"सासऱ्यांचा नाव हाय, बाई," ती हळूच म्हणाली. "आमच्यान सुना नाय घेत. माजा बगून बगून ही पन शिकली."

मला असं हसू फुटलं की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावल्या. अहो, तो शब्द टाळायचा तर आधी वाचायला नको? पोरीनं दर ओळीत तो बरोब्बर हेरून चुकवला होता!

पण चाचणी म्हणजे चाचणी. नाव मोठ्यानं वाचलेलं मला ऐकायचं होतं. तेवढ्यात नातीला न्यायला आजोबाच आले. सगळं सांगितलं. रागावतील अशी धास्ती होती, पण ते पायरीवर टेकले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वाच गो बाय. मना काय व्हत नाय."

तिनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. मग कार्ड नाकासमोर धरून, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात, पोर नावासकट सगळी गोष्ट वाचून गेली. मी झोकात खूण केली. आता जूनमध्येही ती माझीच.

"आजोबा, ऐकलंत ना? आता तिच्या वडिलांना तुम्हीच सांगा."

आजोबांनी टोपीनं डोळे पुसले. मग हसले.

"माजी आय गेली तवापासना घरान माजा नाव कोनी घेतलाच नव्हता," म्हणाले. "परत वाच."