मामाजींच्या कॉम्प्युटरचा घोळ

आमच्या इंदुरात पोटभर खाणारे पुष्कळ, तोंडभर बोलणारे पुष्कळ आणि न विचारता सल्ला देणारे तर दर ओट्यावर बसलेले. पण एखादी गोष्ट ठरवण्याचं काम इतक्या निष्ठेने लांबणीवर टाकणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांशिवाय अख्ख्या माळव्यात दुसरा झाला नसेल. मी त्यांना मामाजी म्हणतो. पोह्यांच्या गाडीवर उभं राहिलं की सोबत कचोरी घ्यावी की जिलबी, यावर ते असा काथ्याकूट करायचे की मागची माणसं तोवर आपापसांत ओळखी करून घ्यायची. स्वेटर घ्यायला निघाले की थंडी सरायची. मामींना बघायला तर म्हणे ते इतक्या वेळा गेले की शेवटी मामींच्या वडिलांनीच वैतागून मुहूर्त काढला. "नाहीतर मी अजून माहेरीच पाहुण्यांसाठी पोहे करत बसले असते," असं मामी आल्यागेल्याला सांगायच्या. त्यावर मामाजी अगदी शांतपणे म्हणायचे, "घाई झालीच थोडी." चेहरा असा की हसावं की उठून जावं ते समोरच्याला कळू नये.

मल्हारगंजात एका अरुंद गल्लीत खाली कापडाचं दुकान आणि वर, एका उभ्या जिन्याच्या टोकाला, त्यांचं बिऱ्हाड. सगळी हयात वीज मंडळात काढलेल्या या गृहस्थाचा विजेवर मात्र काडीचा विश्वास नव्हता. पंख्याचं बटण दाबलं की तो फिरायला लागेपर्यंत वर बघत उभे राहायचे, आणि फिरला की "चला, आज तर फिरला" म्हणून समाधानाने बसायचे. मी हसलो की म्हणायचे, "हसा, हसा. मला आतली गोष्ट माहीत आहे, जावईबापू."

तर अशा माणसाला निवृत्तीनंतर त्यांच्या मुलाने बंगलोरहून फोन केला. "बाबा, तुम्हाला कॉम्प्युटर घेऊन देतो. लॅपटॉपच घ्या, म्हणजे इकडे राहायला याल तेव्हा सोबत आणता येईल." झालं! त्या एका वाक्यात मामाजींनी ओळखायचं ते ओळखलं. मामींचे गुडघे गेलेले, जिना म्हणजे रोजची परीक्षा. नात तिकडे मोठी होत होती आणि मामींना ती दिसत होती फक्त फोनमध्ये. त्यातही बहुतेक वेळा नुसतं कपाळ. मामींचं मन केव्हाच बंगलोरला जाऊन बसलं होतं. मामाजींचं मल्हारगंजातून हलायला तयार नव्हतं. सकाळी खाली उतरून दहा जणांना इंदुरी थाटात "काय भिया, कसं काय" केल्याशिवाय ज्यांचा चहा पचत नाही, त्यांनी बंगलोरला जाऊन करायचं काय? तेव्हा आमच्या घरात सरळ हिशेब होता. लॅपटॉप घेतला म्हणजे बंगलोर, डेस्कटॉप घेतला म्हणजे मल्हारगंज. सगळ्यांना तो कळलेला, आणि बोलून कोणीच दाखवत नव्हतं. मामींनी तेवढं एकदा मला गॅसपाशी उभ्या उभ्या सांगितलं, "तुमचे मामाजी कॉम्प्युटर बघत नाहीयेत हो. दिवस ढकलतायत."

पण बघत तर होते! आणि बघायला न्यायचं काम माझ्या स्कूटरकडे आलेलं. रविवार उजाडला की फोन, "जावईबापू, जरा एक चक्कर मारून येऊ." तुकोगंजात एक कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्याचा मालक पस्तिशी-चाळिशीचा, गोलमटोल, स्वभावाने गाय. नाहीतर एवढा छळ दुसऱ्या कोणी सोसला नसता. मामाजी लॅपटॉप उचलायचे, खरबुजासारखा हातावर तोलायचे, उघडायचे, मिटायचे, पुन्हा उघडायचे. मग खाली ठेवून निवाडा द्यायचे, "जी वस्तू बगलेत मारून कोणीही चालू पडेल, ती घरातली वस्तू कशी म्हणायची? तो डेस्कटॉप बघा. कसा मांडी ठोकून बसलाय! उठायचं नाव नाही." दुकानदाराला वाटायचं, जमलं. तो हसत पुढे यायचा, "तो अंकलजी, डेस्कटॉप पॅक कर दूँ?" की मामाजी लगेच पलटी खायचे, "पण लाइट गेली तर?"

"अंकलजी, अब लाइट जाती ही कहाँ है?"

"भिया, मैं डिपार्टमेंट में था. मुझे मत बताओ."

झालं, पुन्हा लॅपटॉपची आरती सुरू. त्याला बॅटरी असते, तो अंधारात चालतो, तो गच्चीवर नेता येतो. दुकानदाराने लॅपटॉप पुढे सरकवला की पुन्हा तो बगलेत मारून पळणारा माणूस यायचा. अशा किती रविवारांचा बट्ट्याबोळ झाला कोण जाणे. दुकानदार बिचारा शेवटी चहा मागवायचा. त्या चहासाठीच हे जातात, अशी माझ्या बायकोला दाट शंका होती. मला ती शंका नव्हती. येताना स्कूटरवर मागून त्यांचा आवाज यायचा, "आजचा रविवार तर निभावला," आणि त्या आवाजात एवढी सुटका असायची की माझी सगळी चिडचिड जागच्या जागी विरून जायची.

वस्तूच्या आधी वस्तूची जागा, हा मामाजींचा आणखी एक नियम. कॉम्प्युटर ठरेना, पण त्याचं टेबल मात्र त्यांनी गल्लीतल्या सुताराकडून करून घेतलं. टेबल म्हणजे काय, रणगाडा! डेस्कटॉपच्या उभ्या डब्यासाठी खाली कप्पा, की-बोर्डसाठी सरकती फळी, वायरींसाठी मागे भोक. जिन्यातून वर चढवताना सुताराने आणि मी दोघांनी देवाचं नाव घेतलं. सगळ्यांना वाटलं, चला, हे इथेच राहणार. मामी त्या दिवशी माझ्याशी नीट बोलल्यासुद्धा नाहीत. पण टेबल येऊनही कॉम्प्युटर काही येईना, तेव्हा मामींनीच त्याचा ताबा घेतला. की-बोर्डच्या फळीवर मेथी निवडली जाऊ लागली आणि डब्याच्या कप्प्यात लोणच्याच्या बरण्या गेल्या. "बघा, किती सोयीचं केलंय," मामाजी कौतुकाने सांगायचे.

एक माऊस मात्र त्यांनी घेऊन ठेवला होता. "हा दोन्हीला चालतो," म्हणाले. त्यांच्या आयुष्यात न अडखळता झालेली ही एकच खरेदी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातल्या हत्यारा-यंत्रांची पूजा असते. मामाजी पाटावर आपला वीज मंडळातला टेस्टर मांडायचे, पक्कड मांडायचे, मामींची शिवणाची कात्री मांडायचे आणि मधोमध तो माऊस. त्याला गंध, अक्षता, झेंडूचं फूल. टेबलालाही हळदकुंकवाची बोटं. यंत्राचा पत्ता नाही आणि पूजा यथासांग! मामी नैवेद्य ठेवता ठेवता म्हणायच्या, "उंदीर येऊन बसलाय, गणपती काही येत नाही." आम्ही सगळे हसायचो. मामाजी डोळे मिटून हात जोडून उभे असायचे. ते तेव्हा काय मागत असतील, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.

मग एका रविवारी मी त्यांना घ्यायला गेलो, तर बंगलोरचा फोन चालू होता. मामींनी फोन त्या टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला. पलीकडे नात, दात पडलेला, तोंडाने अखंड बडबड. मध्येच ती थांबली आणि तिने विचारलं, "आजी, तू उभी राहिलीस की केवढी असतेस?"

मामी हसल्या. "केवढी म्हणजे? आजीएवढी."

"नाही, दाखव ना. तू नेहमी एवढीच दिसतेस," असं म्हणून तिने दोन बोटांत माप दाखवलं.

मामी टेबलाच्या कडेला धरून उठल्या. गुडघे कुरकुरले, तोंडातून "आई गं" निघालं, पण उठल्या. उठल्या तर फोनमध्ये फक्त पदर दिसायला लागला. "आता तोंडच गेलं," नात ओरडली. मामी दोन पावलं मागे सरकल्या, तर मागे पलंग. वाकल्या तर पुन्हा नुसतं तोंड. कशाही उभ्या राहिल्या तरी त्या अख्ख्या काही त्या फोनमध्ये मावेनात. "जाऊ दे आजी, राहू दे," असं शेवटी ती पोरच म्हणाली आणि खेळायला पळाली. मामी पलंगावर बसल्या, आणि पदराने फोनची काच पुसत राहिल्या. मामाजी दाराशी चपला घालून उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. जिना उतरताना दर वेळी चालणारी त्यांची बडबड त्या दिवशी बंद होती.

दुकानात शिरल्याबरोबर दुकानदाराने सवयीने चहा सांगितला. मामाजी म्हणाले, "आज चाय नहीं, भिया. लॅपटॉप दे दो."

"कौन सा दिखाऊँ?"

"दिखाना नहीं है. दे दो."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी तरी काय सांगणार? ज्या माणसाला लाल पेन घ्यावं की निळं हे ठरवायला अर्धी दुपार लागते, तो न उघडता, न तोलता लॅपटॉप मागतोय! मला त्या क्षणी वाटलं, यांनी काहीतरी खुसपट काढावं, लाइटचं विचारावं, बगलेत मारणाऱ्या चोराची आठवण काढावी. पण खोकं बांधून झालं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "भिया, ये बँगलोर में बिगड़ गया तो दिखाने यहीं लाना पड़ेगा ना?"

दुकानदार उत्साहाने म्हणाला, "नहीं नहीं अंकलजी, टेन्शन मत लो. पूरे इंडिया में सर्विस है. वहीं घर के पास दिखा देना."

"अच्छा," मामाजी म्हणाले. "यहाँ लाने की जरूरत नहीं."

असा पडलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. दुकानदारानेही तो बघितला. मघाशी सांगितलं ना, माणूस गाय होता. त्याने खोक्यावर हात ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाला, "वैसे... वो लोग ठीक से देखते नहीं हैं, अंकलजी. आप तो यहीं ले आना. अपन देख लेंगे."

"मी म्हणतच होतो," मामाजी मला म्हणाले आणि खोकं उराशी धरून स्कूटरवर बसले.

ते दोघं बंगलोरला गेले. मामी जिना उतरताना रडल्या. आयुष्यभर त्या जिन्याला शिव्या दिल्या, आणि रडल्या. तिकडे गेल्यावर नातीने आजीला दाराच्या चौकटीपाशी उभं करून भिंतीवर पेन्सिलीने खूण केली, असं मामींनीच फोनवर हसत हसत सांगितलं. त्यांचं चांगलं चाललं होतं. आणि मामाजी? ते दर हिवाळ्यात लॅपटॉप दाखवायला इंदूरला यायचे. चांगला धडधाकट लॅपटॉप, बंगलोरहून मांडीवर घेऊन! आमच्याकडे उतरायचे, सकाळी मल्हारगंजात एक फेरी, बडा गणपतीचं दर्शन, मग तुकोगंज. दुकानदार अगदी गंभीर चेहऱ्याने लॅपटॉप उघडायचा, फुंकर मारायचा, फडक्याने पुसायचा आणि म्हणायचा, "अच्छा हुआ ले आए." मामाजी माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच नको म्हणत होतो.

गेल्या हिवाळ्यात ते आले नाहीत. तब्येत जरा नरम आहे, डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात. परवा मी तुकोगंजातून जात होतो, तर त्या दुकानदाराने हाक मारून थांबवलं. "भिया, अंकलजी नहीं आए इस बार?" मी म्हटलं, मशीन ठीक चालू आहे म्हणून नाही आले. तो म्हणाला, "ठीक चल रही है तो क्या हुआ? धूल तो जमती होगी."

घरी येऊन मी मामाजींना फोन लावला आणि त्याचा हा निरोप जसाच्या तसा सांगितला. काचेत त्यांचा चेहरा दिसत होता, थोडा सुकलेला. तो जागचा हलेना. मला वाटलं, फोन अडकला.

"हो ना, जावईबापू," मग ते म्हणाले, "धूळ तर बसलीच असेल."