नऊ टक्क्यांचा शास्त्रज्ञ

चार वाजून दहा मिनिटांनी मोहिनी देवरे यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी चष्मा काढला की कॉलेजच्या कार्यालयातली सगळी माणसं आपापल्या फायलींत डोकं घालत. एकतीस वर्षांत ही खूण सर्वांना पाठ झाली होती.

समोर डॉ. सोमा गावित बसले होते. सुरगाण्याकडच्या पाड्यावरून आलेला, भौतिकशास्त्रात नाव काढलेला हा माणूस बाईंसमोर मात्र दप्तर विसरलेल्या पोरासारखा बसे. भौतिकशास्त्रातल्या संशोधनाच्या राष्ट्रीय पुरस्कारासाठी कॉलेज त्यांची शिफारस करत होतं. अर्ज ऑनलाइन भरायचा होता आणि पाच वाजता खिडकी बंद होणार होती. वयाची अट पंचेचाळीसची. सर चव्वेचाळीस वर्षं दहा महिन्यांचे. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

गेल्या वर्षी सरांनी परीक्षेच्या गडबडीत कागदच दिले नव्हते. त्याआधीच्या वर्षी दिले, ते मुदत संपल्यावर. यंदा प्राचार्यांनी शिफारसपत्रावर सही करून सगळं बाईंवर सोपवलं होतं. बाईंनी महिनाभर सरांचा पिच्छा पुरवला, जिन्यात गाठलं, पार्किंगमध्ये गाठलं, एकदा तर चालू तासाला दारात जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हा कुठे आज दुपारी माहिती हातात पडली, आणि ती वाचून चष्मा खाली आला.

सरांच्या सर्वांत महत्त्वाच्या शोधनिबंधावर अकरा जणांची नावं होती. ‘उमेदवाराचा स्वतःचा वाटा’ या रकान्यात सरांनी लिहिलं होतं, नऊ टक्के.

“हाई काय शे, सर?” बाई म्हणाल्या. संताप अनावर झाला की त्यांच्या तोंडून त्यांच्या गावची, नामपूरची अहिराणी बाहेर पडे.

सरांनी शांतपणे हिशेब समजावला. अकरा जणांना नऊ-नऊ, झाले नव्याण्णव. उरलेला एक टक्का वर्कशॉपच्या भिमाजींचा. त्यांनीच तर प्रयोगासाठी पत्र्याचं नरसाळं बनवून दिलं होतं.

बाईंनी कपाळाला हात लावला. नायकच विंगेत लपून बसला तर पडदा उघडायचा कोणासाठी? ही तुलना त्यांना उगीच नाही सुचली. टायपिस्ट म्हणून लागल्यापासून कॉलेजच्या प्रत्येक नाटकाला प्रॉम्प्टर त्याच. हॅलोजनच्या उजेडात उडणारी धूळ, मेकअपच्या रंगाचा वास, अंधारात हातात धरलेली वही. विसरलेलं वाक्य नटाच्या कानात असं सोडायचं की पहिल्या रांगेलाही कळू नये. टाळ्या त्याच्या. आजवर कितीजणांना त्यांनी असं तारून नेलं होतं. पण ते नट निदान स्टेजवर यायला तयार तरी असत.

सरांचं म्हणणं एवढंच होतं की त्यांच्याकडे इर्जिक असते. एकाच्या शेतावर अख्खा पाडा कामाला येतो. कोणी किती कापलं हे कोणी विचारत नाही, आणि विचारणं बरंही दिसत नाही.

बाईंचे वडील नामपूरच्या कांदा मार्केटात मापाडी होते. प्रत्येक वजनाला भिकन देवरे शेतकऱ्याचं पूर्ण नाव खणखणीत पुकारत, मग त्याचा माल मोठा असो की छोटा. ज्याचं पोतं त्याचं नाव, हे बाईंनी लहानपणीच ऐकलं होतं, आणि सरांनाही कितीदा ऐकवलं होतं. त्यांना हा नऊ टक्क्यांचा विनय म्हणजे नुसता वैताग वाटत होता. घड्याळात साडेचार झाले होते.

“सर, तुमचे नागलीचे दाणे धान्याच्या कणगीच्या खालच्या भोकात का अडतात?”

सरांचे डोळे चमकले. आयुष्यभराचा विषयच तो. दाणे एकमेकांना टेकून कमान धरतात, ते म्हणाले, आणि मग कोणीच खाली उतरत नाही.

“तुमचंही तेच चाललंय. आधी तू, आधी तू. पोर्टल पाचला बंद होतंय.” बाईंनी चष्मा चढवला. “आता सांगा, इर्जिकीत शेत कोणाचं, हे तरी ठाऊक असतं ना?”

“असतं. ज्यानं इर्जिक घातली त्याचं.”

“ही कोणी घातली?”

सरांनी टेबलावरचा पेपरवेट बाजूला सरकवला. मग ते हळूहळू सांगू लागले. दाणे का अडतात हा प्रश्न त्यांचा, लहानपणी कणगीत काठी घालता घालता पडलेला. प्रयोग त्यांनी ठरवला, गणित त्यांनी मांडलं, बाकीच्यांना त्यांनी बोलावलं. बाई एकेक शब्द टाइप करत गेल्या.

“टक्के?”

“चाळीस.”

बाईंचं बोट कीबोर्डवर तसंच थांबलं.

“पन्नास,” सर म्हणाले. मग मान खाली घालून, “साठ. खरं तेवढंच आहे, ताई. वर एकही नको.”

बाईंनी साठ भरले. खाली सहकाऱ्यांच्या रकान्यात, सरांनी न सांगताच, भिमाजींचं पूर्ण नाव आणि नरसाळं घातलं. चार चोपन्नला बटण दाबलं. पडद्यावर लाल ओळ उमटली. एक रकाना रिकामा होता.

बाईंनी अर्ज वरून खाली पाहिला. सगळं भरलेलं. पुन्हा पाहिला. सरांनी वाकून बोट ठेवलं, ते शेवटच्या ओळीवर. ‘अर्ज भरणाऱ्या व्यक्तीचं नाव.’

“त्याचं काय एवढं,” बाई पुटपुटल्या. “प्राचार्यांचं टाकते.”

“अर्ज कोणी भरला, ताई?” सरांनी विचारलं. मग ते उभे राहिले आणि मार्केट यार्डात पुकारावं तसे, अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल असे म्हणाले, “मोहिनी भिकन देवरे. नामपूर.”

फायलींतली डोकी वर आली. बाईंनी सगळ्यांकडे रागानं पाहिलं, नाव टाइप केलं, बटण दाबलं. चार सत्तावन्नला पोच आली.

“एवढं ओरडायला काय झालं होतं?” त्या म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला लागल्या. तो बराच वेळ स्वच्छ होईना.