शिर्केसाहेब जावयासाठी घड्याळ बघतात

एका खोलीत चार माणसं वीस वर्षं एकच मायक्रोमीटर फिरवत बसली की किस्से आपोआप साठतात. कोणी लिहून ठेवत नाही, तरी हरवत नाहीत. मकरपुऱ्याच्या आमच्या कारखान्यातल्या इन्स्पेक्शन खात्याचे असे पुष्कळ आहेत. पण जुन्यांपैकी दोघं कुठे चहाला भेटले की पहिला विषय निघतो तो शिर्केसाहेबांच्या घड्याळाचा.

शिर्केसाहेब आमचे चीफ इन्स्पेक्टर. राहायला सुभानपुऱ्यात. एकुलती एक मुलगी, माधवी, एम.एस्सी. झालेली. तिचं बाजव्याकडे रिफायनरीत असलेल्या एका इंजिनियरशी ठरलं, साखरपुड्याचा दिवसही ठरला, आणि साहेबांनी खात्यात जाहीर केलं, "जावयाला घड्याळ द्यायचं. सोन्याचं, पिवळं, पातळ, चामड्याच्या पट्ट्याचं. माझ्या हाताने बांधणार."

पाच महिने होते हातात. आम्ही म्हटलं, एका रविवारचं काम आहे.

*

दुसरा कोणी असता तर थेट दुकानात गेला असता. साहेबांनी आधी ड्रॉइंग काढलं! ट्रेसिंग पेपरवर, तीन बाजूंनी. डायलचा व्यास चौतीस मिलिमीटर, जाडी जास्तीत जास्त सात, आकडे नकोत, नुसत्या रेघा, पट्टा तपकिरी. प्रत्येक मापापुढे किती कमीजास्त चालेल तेही लिहिलेलं. मग त्याच्या झेरॉक्स काढून रावपुऱ्यातल्या दुकानदारांना वाटल्या.

ते नव्वदनंतरचे दिवस. बाजार नुकता खुला झालेला. पूर्वी ज्या घड्याळांसाठी दुबईवाल्या कोणाची ओळख काढावी लागायची ती आता काचेआड मांडलेली असायची. गिऱ्हाइकांना हवी असायची जाडजूड, दोन रंगांच्या चेनची, तारीख-वार दाखवणारी. साहेबांना यातलं काहीच नको होतं.

नवीनभाई नावाच्या गुजराती दुकानदाराने ड्रॉइंग उलटंसुलटं करून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "साहेब, आ घड्याळ लेवानुं छे के बनाववानुं छे?"

*

नवीनभाईंनी तरी हार मानली नाही. महिन्याभरात मुंबईहून एक मागवलं. दिसायला अगदी हवं तसं.

साहेब बघायला निघाले ते जाडी मोजायचं कारखान्याचं व्हर्नियर घेऊन. आता कंपनीचं हत्यार बाहेर न्यायचं म्हणजे गेटपास हवा. साहेब नियमाचे पक्के. स्वतःच फॉर्म भरला आणि 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'मुलीचं लग्न'. गेटवरच्या वॉचमनने तो कागद दोनदा वाचला, व्हर्नियरकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि सलाम ठोकून सोडून दिलं.

दुकानात जाडी भरली सात पूर्णांक चार.

"रिजेक्ट," साहेब म्हणाले.

"अरे साहेब, आटलामां शुं?"

साहेब मे महिन्यात मुद्दाम फुल शर्ट घालून आले होते. घड्याळ हातावर ठेवलं आणि बाहीचं बटण लावायला घेतलं. लागेना. नवीनभाईंनीही प्रयत्न करून पाहिला. मग मुकाट्याने घड्याळ डबीत ठेवलं आणि मुंबईला फोन लावला.

*

घड्याळ येईपर्यंत साहेबांनी पट्टा घ्यायचं ठरवलं. चामड्याला घाम लागला की रंग सुटतो आणि बाही डागाळते, हे त्यांचं म्हणणं. मग तीन दुकानांतून तीन पट्टे आणले आणि तिन्ही एकाच मनगटावर बांधून आठ दिवस खात्यात वावरले.

एके दिवशी कँटीनमध्ये आमचे जनरल मॅनेजर बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन आले. घाईत होते. साहेबांचा डावा हात टेबलावर दिसला, म्हणून विचारलं, "शिर्के, किती वाजले?"

साहेबांनी सवयीने हात वर केला. तीन पट्टे, घड्याळ एकही नाही. पाहुणे बघतच राहिले. साहेब गंभीरपणे म्हणाले, "सर, अजून ट्रायल चालू आहे."

*

एवढा अट्टाहास कशासाठी, हे विचारायची आमची छाती नव्हती. परमारभाईंनी विषय काढला. ते साहेबांच्या बरोबरीचे, पंचवीस वर्षांची दोस्ती, आणि पुतण्या घड्याळं विकणारा. म्हणाले, "शिर्के, मारा भत्रीजा पासे नवी डिझाइन छे. चेनवाळी. लई ले ने, वात पूरी."

साहेबांनी हातातला गेज खाली ठेवला.

"परमार, माझ्या लग्नात सासऱ्यांनी घड्याळ दिलं. गरीब माणूस, आदल्या दिवशी धावपळ करून आणलं होतं. मुहूर्ताच्या वेळीच बंद पडलं. माझ्या आईने त्यावरून हिला वीस वर्षं ऐकवलं. भाजी खारट झाली तरी घड्याळ, पाहुणे उशिरा आले तरी घड्याळ. मी एकदाही आईला गप्प बस असं म्हटलं नाही." मग म्हणाले, "माझ्या माधवीला असा एक शब्द ऐकावा लागता कामा नये."

परमारभाईंनी त्यानंतर पुतण्याचं नाव काढलं नाही. मला साहेबांची चेष्टा करायची सवय होती. त्या दिवसापासून तीही कमी झाली. बंद झाली असं मात्र म्हणत नाही.

*

अखेर घड्याळ आलं. सहा पूर्णांक आठ. पिवळंधमक नाही, हळदीच्या पाण्यासारखं फिकट पिवळं. चावी देऊन चालणारं. नवीनभाईंनी विश्वासाने आठ दिवस तपासायला दिलं.

साहेबांनी ते मोजमापाच्या एसी खोलीत ठेवलं. रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांच्या ठोक्याला वेळ लावायची, दुसऱ्या दिवशी त्याच ठोक्याला फरक वहीत लिहायचा. चार दिवस झकास गेले. पाचव्या दिवशी घड्याळ एकदम अकरा मिनिटं पुढे.

साहेबांचा चेहरा उतरला. साखरपुडा तीन आठवड्यांवर आलेला.

दोष घड्याळाचा नव्हता, माझा होता. झाडलोट करताना ते पडू नये म्हणून मी उचलून सुरक्षित जागी ठेवलं होतं, आणि आमच्या खोलीत मला सगळ्यात सुरक्षित वाटलेली जागा म्हणजे लोहचुंबकाचा ठोकळा. लोखंड धरून ठेवायचा! घड्याळाच्या पोटातली स्प्रिंग चुंबकाने भारली गेली होती.

मी कबूल केलं. साहेब घड्याळ घेऊन ग्राइंडिंग सेक्शनला गेले. तिथल्या मशीनवर चुंबकत्व उतरवलं आणि वहीत लिहिलं, 'देशपांडे यांच्यापासून दूर ठेवणे'. पुढचे आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून तपासणी झाली. आठ दिवसांत सात सेकंदांचा फरक. साहेबांनी वही मिटली.

*

शेवटी घड्याळ पक्कं करायला आम्ही नवीनभाईंच्या दुकानात गेलो. साहेब, परमारभाई, मी आणि पहिल्यांदाच माधवी. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती.

नवीनभाईंनी घड्याळ पुसलं, पट्टा चढवला आणि पट्ट्याला भोकं पाडायचं हत्यार हातात घेतलं. "बोलो साहेब, जमाईनुं कांडुं केवडुं छे?"

मनगट केवढं? साहेबांनी खिशातून वही काढली. पानं उलटली. त्यात व्यास होता, जाडी होती, सेकंद होते. मनगट नव्हतं.

"जाडुं के पातळुं, एटलुं कहो तोय चालशे. अने कया हाथे पहेरे छे?"

साहेबांनी परमारभाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे वळून विचारलं, "माधवी, तो डावखुरा आहे का ग?"

"मला काय माहीत, बाबा," माधवी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी त्यांना एकदाच बघितलंय. पाऊण तास. त्यातला अर्धा तास तुम्हीच बोलत होतात."

नवीनभाईंनी हत्यार खाली ठेवलं.

"घड्याळाला तुम्ही पाच महिने दिलेत," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग उठले आणि शेजारच्या फोनच्या बूथमध्ये शिरले. दार उघडंच राहिलं होतं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"नमस्कार व्याहीबुवा, मी शिर्के. साखरपुडा पुढे ढकलू या... हो, दिवाळीनंतर बघू. तोवर दोघांना दर रविवारी भेटू दे. कमाटीबागेत भेटू दे, कुठेही भेटू दे... नाही, आपण दोघांनी जायचं नाही. माधवी हो म्हणाली की मग तारीख काढू."

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. साहेब ऐकत होते.

"छे छे," ते म्हणाले, "घड्याळात काही खोट नाही. घड्याळ केव्हाच पास झालंय."