पाण्याखालचे हात

नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका चित्रकाराचं कपांवर चित्रं छापायचं दुकान आहे. लोक वाढदिवसाचे फोटो घेऊन येतात, तेही तो छापून देतो. पण फळीवर त्यानं स्वतः काढलेली चित्रं असतात. सूर्य गिळणारा राहू, ताऱ्यांमधून वेटोळं सोडणारा शेषनाग, आणि एका मोठ्या कपावर काळ्या पाण्याच्या तळाशी बसलेलं हजार हातांचं काहीतरी. त्याच्याकडे जास्त वेळ बघितलं की आपणच हळूहळू खाली जातोय असं वाटतं.

"हे कुठल्या पुराणातलं?" मी एकदा विचारलं.

"पुराणात न्हाई. सपनात येतंय," तो म्हणाला. त्याचं बोलणं सावकाश, आतून कुणी सांगत असल्यासारखं.

एका दुपारी इस्लापूरकडची एक बाई नवऱ्याचा फोटो छापायला आली. नवरा सहस्रकुंड धबधब्याच्या डोहात बुडाला होता. फोटो देता देता तिची नजर त्या कपावर गेली आणि तिथंच राहिली. कप झाकावा असं मला वाटलं.

"हे पाण्यात ऱ्हातंय का?" तिनं विचारलं.

"हाव, मावशी."

"माणसाला काय करतंय?"

त्यानं तिच्याकडून फोटो घेतला. मग तो समोर ठेवून चित्र काढायला बसला. त्याचा चहा निवून गेला. चित्र कपावर उतरलं तेव्हा त्या हातांच्या मधोमध तिचा नवरा कुशीवर झोपला होता. त्यातला एक हात त्याच्या डोक्याखाली होता.

बाईनं कप ओंजळीत धरला.

"उशीबिगर त्यांना झोप येत नव्हती," ती म्हणाली.