खोडलेली दोन उत्तरं

“देसाई, ही बेरीज बरोबर हाय न्हवं?”

आमचे मॅनेजर निंबाळकर साहेब प्रिंटआउटवर बोट ठेवून विचारत होते. बोटाखाली आकडा होता एक हजार दोनशे सेहेचाळीस. मी म्हणालो, “हो साहेब.”

“पहिल्याच खेपेला? शाब्बास. पुण्याला धाडल्याचं चीज केलंस.”

मी हसलो खरा, पण माझ्या प्रोग्रॅममधून हा आकडा निघणं शक्यच नव्हतं.

हे नीट सांगायला हवं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातला आमचा कारखाना ऑइल इंजिनाचे सुटे भाग बनवायचा. कॉम्प्युटर आमच्याकडे नव्हता. तो पुण्याच्या एका सेंटरवर होता. मी कोडिंग शीटवर, म्हणजे ऐंशी रकान्यांच्या छापील कागदावर, पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहायचो. पंच ऑपरेटर ते पाहून जाड कार्डांना मशीनने भोकं पाडायच्या. कार्डांचं खोकं संध्याकाळच्या एसटीने पुण्याला जायचं आणि तिसऱ्या दिवशी प्रिंटआउट परत यायचा. एक चूक झाली की तीन दिवस गेले.

आमची भाषा कोबोल. या भाषेत प्रत्येक आकड्याला आधी जागा नेमून द्यावी लागते. मी महिन्याच्या बेरजेला तीन अंकांची जागा दिली होती. त्यात हजाराच्या वरचा आकडा आला तर कॉम्प्युटर तक्रार करत नाही, डावीकडचा अंक गुपचूप टाकून देतो. म्हणजे प्रिंटआउटवर दोनशे सेहेचाळीस यायला हवे होते.

मी टेबलावर येऊन कोडिंग शीट काढलं. तीनच. प्रिंटआउटमध्ये सुरुवातीला आपला प्रोग्रॅमही छापून येतो. तिथे चार.

पंच रूममध्ये मगदूमबाई बसल्या होत्या. बाई म्हणायचं, पण वय तेवीस-चोवीस. हातकणंगल्याहून रोज पॅसेंजरने यायच्या. शिक्षण मॅट्रिक. घरी कानडी, बाहेर मराठी, तीही तिकडच्या बायकांसारखी ‘मी येतो, मी जातो’ अशी.

“हे तुम्ही बदललंत?”

“व्हय की.” त्यांनी मशीनवरचा हातही काढला नाही. “फौंड्रीचं पीस महिन्याला हजाराच्या वर जात्यात साहेब. रोजची कार्डं मीच मारतो, मला ठावं हाय. तीन आकड्यांत कसं बसायचं ते?”

“आणि पुढचे रकाने?”

“पुढची कोरी जागा एकानं कमी केलो. न्हायतर सगळी ओळ सरकली असती.”

पुण्याच्या सहा आठवड्यांच्या कोर्समध्ये ही गोष्ट आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या शेवटपर्यंत लक्षात आली नव्हती. त्या निम्म्यांत मीही होतो.

“हे शिकलात कुठे?”

त्यांनी ड्रॉवरमधून एक दोनशेपानी वही काढली. पंच करायला आलेल्या प्रत्येक प्रोग्रॅममधली नवी ओळ त्या वहीत उतरवून घेत. तिसऱ्या दिवशी प्रिंटआउट आला की त्या ओळीने काय झालं ते बघत आणि समोर अर्थ लिहीत. कुठे मराठीत, कुठे कानडीत. एका पानावर होतं : ‘मूव्ह म्हणजे हलवणे नव्हे. नक्कल करणे. मूळ जागी आहे तसेच राहते.’ माझ्या कोबोलच्या मॅन्युअलमध्ये एवढ्याच गोष्टीला अर्धं पान खर्ची घातलेलं होतं, आणि ते अर्धं पान मला कळायला चार दिवस लागले होते.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. निदान लाज तरी वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर. मशीन शॉपमधली माणसं मला लांबून दाखवायची, ‘त्यो कॉम्प्युटरवाला.’ सगळ्या कारखान्यात ही भाषा येणारा मी एकटा, ह्या गोष्टीवर मी जगत होतो. माझ्याजवळ सर्टिफिकेट होतं, मॅन्युअल होतं. दोन्हींपैकी काहीच नसलेल्या बाईंनी माझी चूक सुधारली होती, आणि वर त्याबद्दल कुणाला एक शब्द सांगितला नव्हता. ते गप्प राहणं मला जास्त झोंबलं.

मी म्हणालो, “तुमचं काम लिहिलंय तसं पंच करणं.”

“चुकलं असलं तरी?”

“चुकलं असलं तरी.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि पुढचं कार्ड घातलं.

त्याच आठवड्यात नोटीस लागली. आणखी एक प्रोग्रॅमर घ्यायचा होता. महिन्याभराने लेखी परीक्षा, परीक्षक पुण्याचे. बाहेरच्या उमेदवारांबरोबर ऑफिसातल्या कुणालाही बसता येईल. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मगदूमबाई माझ्या टेबलाशी वही घेऊन आल्या.

“साहेब, परीक्षेला बसावं म्हंतो. पर ह्या जागा रिकाम्या ऱ्हायल्यात बघा.”

वहीत मध्ये मध्ये कोरी पानं होती. एकावर नुसतं ‘टेबल’ असं लिहिलेलं. टेबल म्हणजे एकाच जातीच्या पुष्कळ आकड्यांची रांग, उदाहरणार्थ बारा महिन्यांच्या बारा बेरजा.

“तुमच्या प्रोग्रॅममधी हे कधी आलंच न्हाई,” त्या म्हणाल्या. “मग मला कुठनं कळणार?”

त्यांनी साधेपणाने म्हटलं होतं. मला तो टोमणा वाटला, कारण खरं होतं. टेबलांची मला भीती वाटायची, म्हणून मी ती टाळत असे.

“पुस्तक शोधलंत का?”

“दुकान सोडलं न्हाई कुठलं. दुकानदार म्हनला, कॉम्प्युटरचं न्हाई बाई, रेडिओ दुरुस्तीचं हाय, देऊ? कॉलेजच्या लायब्ररीत म्हनले, मुंबईला बघा. तुमचं ते मॅन्युअल चार दिस द्या की साहेब.”

मॅन्युअल माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. किल्ली माझ्या खिशात. मी म्हणालो, “ते साहेबांच्या कपाटात असतं. बाहेर न्यायची परवानगी नाही.”

इथवर थांबलो असतो तर तो कद्रूपणा झाला असता. कद्रूपणाची माणसाला सवय होते, तो फारसा टोचत नाही. पण मी थांबलो नाही. ड्रॉवर किलकिला करून, मॅन्युअल दिसणार नाही अशा बेताने, दुसरं पुस्तक काढलं. ब्राउन पेपरचं कव्हर घातलेलं. ते फोरट्रानचं होतं. फोरट्रान ही वेगळीच भाषा, शास्त्रज्ञांच्या आणि इंजिनिअरांच्या गणितांसाठीची. आमच्या ऑफिसात तिचा काडीचा उपयोग नव्हता.

“हे न्या,” मी म्हणालो. “परीक्षा यातच असणार. पुण्यात आता कोबोल मागं पडत चाललंय.”

“मग आपुन रोज कोबोलच का मारतोय?”

“आपलं जुनं आहे म्हणून.”

त्यांचा चेहरा उजळला. “लई उपकार झालं साहेब,” म्हणाल्या. तो चेहरा मला अजून दिसतो.

पुस्तक पंधरा दिवसांत परत हवं, असंही मी सांगितलं होतं. बाईंनी ते पॅसेंजरमध्ये जाता-येता बसून नव्या वहीत अक्षरशः उतरवून काढलं. मध्येच एकदा शंका घेऊन आल्या. “ह्यात सातव्या रकान्यापासनं लिहायला लावलंय. आपल्यात आठवा असतोय. पेपरात काय करू?”

खरं सांगायची ही आयती संधी होती. नुसतं ‘माझी चूक झाली, ते पुस्तक ठेवा बाजूला’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“पुस्तकात आहे तसंच लिहा,” मी म्हणालो.

परीक्षेला पाच जण बसले. संध्याकाळी परीक्षक, साहेब आणि मी चहा घेत होतो. परीक्षक एक पेपर हातात धरून म्हणाले, “ही एक मजा आहे. बाईंनी तिन्ही प्रश्न फोरट्रानमध्ये सोडवलेत. लॉजिक इतकं स्वच्छ की आमच्या सेंटरवर दाखवावं. पण तुम्हाला कोबोलवाला हवा. कोबोलचं एक अक्षर नाही, तर मी पास कसं करू?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “फोरट्रान? आमच्यात हिला कुणी शिकवलं रं?”

“कल्पना नाही साहेब.”

पेपर फाइल करायला माझ्याकडेच आले. मी मगदूमबाईंचा उघडला. प्रश्नपत्रिकेत भाषेचं नाव नव्हतं. कोबोल धरलेलंच होतं, लिहायची गरज कुणाला वाटली नव्हती. पहिल्या पानावर बाईंनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं, कोबोलमध्ये, त्यांच्या नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात, आठव्या रकान्यापासून. पूर्ण उत्तर. मग त्यावर पट्टीने रेघ मारून ते खोडलं होतं आणि खाली फोरट्रान. दुसऱ्या प्रश्नाचंही तसंच. खोडलेलं तपासायचं नाही, या नियमाने परीक्षकांनी ते वाचलंही नव्हतं. मी दोन्ही खोडलेली उत्तरं ओळ न् ओळ तपासली. बरोबर होती. तिसरा प्रश्न टेबलाचा होता, तो तेवढा सरळ फोरट्रानमध्ये होता. पास व्हायला तीनपैकी दोन पुरत होते.

मी आठवडाभर गप्प बसलो. नवव्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मला बस म्हटलं नाही.

“आधी का बोलला न्हाईस? बाहेरच्या पोराला पत्र गेलं काल.”

“ते थांबवता येईल का साहेब?”

“पोष्टात जाऊन पेटी फोडू? तुला काढायचा तर इथलं काम ठावं असलेला दुसरा मानूस न्हाई माझ्याजवळ, ह्ये तुला चांगलं ठावं हाय.” मग म्हणाले, “तिला मॅन्युअल दे. आनि जे केलंस ते तुझ्या तोंडानं सांग. मी सांगनार न्हाई.”

मी पंच रूममध्ये गेलो. मॅन्युअल त्यांच्या मशीनवर ठेवलं आणि सांगितलं. परीक्षा कोबोलमध्ये आहे हे मला माहीत होतं. मुद्दाम चुकीचं सांगितलं.

मगदूमबाईंनी मशीन बंद केलं. खोली एकदम शांत झाली.

“खोडताना हात अडखळला बघा माझा,” त्या म्हणाल्या. “दोनदा पट्टी ठेवलो, दोनदा उचललो. मग म्हटलं, ह्यो मानूस कशाला खोटं सांगंल? ह्यात त्येचा फायदा काय?”

मी मशीनवरचं मॅन्युअल उगाच सरळ करून ठेवलं.

“सांगा की. काय फायदा झाला?”

फायदा काहीच नव्हता. त्या प्रोग्रॅमर झाल्या असत्या तर माझं काम निम्मं झालं असतं. टेबलं त्यांनी लिहिली असती. माझा पगार, माझी जागा, कशालाच धक्का नव्हता. हे मला त्या क्षणी, त्यांच्यासमोर उभं राहून पहिल्यांदा कळलं.

“काही नाही,” मी म्हणालो.

“मग तर लईच वाईट,” त्या म्हणाल्या आणि मशीन सुरू केलं.

मॅन्युअल चार दिवसांनी माझ्या टेबलावर परत आलं. बरोबर चिठ्ठी नव्हती. पुढची जागा निघायला दोन वर्षं लागली. मगदूमबाई त्या परीक्षेत पहिल्या आल्या आणि प्रोग्रॅमर झाल्या. आम्ही आज एकाच हॉलमध्ये बसतो. कामाचं बोलतो. मध्यंतरी मी एकदा त्या दोन वर्षांबद्दल माफी मागायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “साहेब, ती दोन वर्षं तुमच्याजवळ हायत का परत द्यायला? न्हाईत न्हवं? मग सोडा.” यात क्षमा होती की नव्हती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता ऑफिसात नवीन मुलं येतात आणि विचारतात, अमकी भाषा शिकायचीय, चांगलं पुस्तक कोणतं? मी नाव सांगतो. पुस्तक असेल तर देतो. आणि प्रत्येकाला सांगतो, मी सांगितलंय म्हणून खरं धरू नका, आणखी एकाला विचारा. मुलांना वाटतं, साहेब विनयाने बोलताहेत.