चौथ्या फेरीचा शेरा

अनुप कारखानीस घरून काम करतो, असं त्याची बायको चारुता ओळखीच्यांना सांगते. अनुप स्वतः ते सांगत नाही, कारण त्यावर ‘म्हणजे नक्की काय?’ असा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर कुवेतच्या हवल्ली भागातल्या मराठी मंडळींना दोनदा सांगूनही कळत नाही.

अमेरिकेत हेल्मेट घालून खेळतात तो फुटबॉल. कॉलेजातून खेळणाऱ्या मुलांना व्यावसायिक संघ दर एप्रिलमध्ये फेरीफेरीनं निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. पहिल्या फेरीतल्याचं नशीब उघडतं, चौथीतल्याला फारसं कोणी विचारत नाही. कोणाची लायकी कितव्या फेरीची, हे सांगणारे अहवाल तिकडची एक कंपनी विकते आणि सामन्यांच्या चित्रफिती बघायला जगभरातून स्वस्तातली माणसं धरते. अनुप त्यांतला एक. हा खेळ तो कुवेतमधल्याच अमेरिकन लष्करी तळावर शिकला. तिथल्या कंत्राटदाराच्या स्टोअरमध्ये तो बरीच वर्षं होता आणि जेवणाच्या हॉलमधल्या टीव्हीवर सदान्‌कदा हेच चालू असे. कंत्राट संपलं, नोकरी गेली, आणि त्याचा इथे राहण्याचा परवाना बँकेत नोकरी करणाऱ्या बायकोच्या आधारावर आला.

या हिवाळ्यात कंपनीनं कायम पगारी परीक्षकाची एक जागा काढली. चाचणी म्हणून अनुपकडे डेमन व्हिटलॉक नावाचा एक रिसीव्हर आला. रिसीव्हर म्हणजे कडेनं सुसाट पळत जाऊन लांबून फेकलेला चेंडू झेलणारा गडी. अहवाल पटला तर जागा अनुपची.

पोराचे हात उत्तम होते. चेंडू छातीवर न घेता तो बोटांनी हवेतूनच खुडून घ्यायचा. वळताना वेग मोडत नव्हता. अंगावर येणाऱ्याला खांद्याची एक हूल देऊन मोकळा व्हायचा. अनुपनं हे सगळं इमानानं लिहिलं. मग त्याला दुसरं काहीतरी दिसलं. चेंडू दुसऱ्या बाजूला जाणार असला की व्हिटलॉक पळतच नव्हता. चार पावलं टाकायची, कमरेवर हात ठेवायचे आणि उभं राहायचं.

“हा बघ, हा बघ.” चारुता समोर भाजी निवडत बसली होती, तिला तो म्हणाला. “कसा उभा राहतो बघ. ऐतखाऊ लेकाचा.”

“पण त्याच्याकडे चेंडू येणारच नाहीये ना?”

“म्हणून काय झालं? समोरच्याला गुंतवून ठेवायचं असतं. साहेब बघत नसला की असंच.”

चारुतानं मान वर केली. “आणि तो शेजारचा? तोही चालतोच आहे की.”

“त्याचा रिपोर्ट मागितलेला नाही.”

“अरे, पण दोघंही चालतायत तर...”

“तुला यातलं काय कळतं?”

“काही नाही कळत. एवढं कळतं की हल्ली कोणी रिकामं बसलेलं दिसलं की तुझं डोकं फिरतं. खालचा वॉचमन खुर्ची टाकून बसला तरी.”

अनुपनं चित्रफितीचा आवाज वाढवला. चारुता भाजीचं ताट उचलून आत गेली.

अहवालाच्या शेवटी त्यानं शेरा मारला : बघणारं कोणी नसेल तर कष्ट करत नाही, चौथी फेरी. हे वाक्य त्याला इतकं आवडलं की ते शेवटून काढून त्यानं अगदी वर घातलं.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या हेदरबाईंचा व्हिडिओ कॉल आला. बाई गोड बोलत होत्या. हात, वळणं, हूल, सगळं छान टिपलंय म्हणाल्या. मग विचारलं, “बाकीचे रिसीव्हर पाहिलेस का?”

“ते कामात नव्हतं.”

“तेही थांबतात, अनुप. त्यांचा कोच दोन खेळ्यांमध्ये श्वास घ्यायलाही वेळ देत नाही. ज्याच्याकडे चेंडू नाही त्यानं पाय राखून ठेवायचे, असा त्याचा हुकूमच आहे. म्हणून तर सगळ्या उमेदवारांना मुद्दाम हाच मुलगा दिला होता.”

अनुप म्हणाला, दुरुस्त करून देतो. बाई म्हणाल्या, नको, जागा भरली. सुटं काम मात्र पूर्वीसारखंच चालू राहील.

शुक्रवारी सुधीर आणि मंदा जेवायला आले. दोघंही चारुताच्या बँकेतल्या ओळखीचे.

“काय अनुपराव, त्या अमेरिकन नोकरीचं काय झालं?” सुधीरनं बसता बसता विचारलं. “आता तुम्ही बायकोला पोसणार म्हणे!”

“अहो, काहीतरीच काय!” मंदा म्हणाली.

अनुप हसला. “एका पोराबद्दल खरं ते लिहिलं. कामचोर आहे म्हणून. ते त्यांना पचलं नाही.”

“म्हणजे तिथेही वशिला?”

“तर काय! पोराचा एजंट बडा आहे.”

सुधीरनं हळहळून मान हलवली. अनुपनं चारुताकडे एकदाच पाहिलं. हेदरबाईंचा कॉल आला तेव्हा ती पलीकडच्याच खोलीत होती आणि त्या घराच्या भिंती पातळ आहेत.

“सुधीरभावजी, चहात साखर किती?” तिनं विचारलं, आणि उत्तर न ऐकताच स्वयंपाकघरात गेली.